हाताने दोन फेरे: टायमिंग चेन घरी बदलताना

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या व्याख्यानमालेत मी आजवर ज्ञान म्हणजे काय, ते खरं कशावरून मानायचं, असल्या विषयांवर बोलत आलो. या वेळी विषय कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. "सर, टाइप करताना काही चूक झाली का? इथे 'टायमिंग चेन' असं दिसतंय." म्हटलं, चूक नाही. मोटारीच्या इंजिनातली टायमिंग चेन आम्ही घरी बदलली, त्याबद्दलच बोलायचं आहे. चेन काय काम करते, ती खराब कशी होते, बदलतात कशी, आणि रात्री अकरा वाजता माझ्या हातून काय चूक होणार होती, एवढंच. तत्त्वज्ञान लागेल तिथे येईल, ओढूनताणून आणणार नाही.

चेन करते काय?

१८७६ साली निकोलाउस ओटोने चार स्ट्रोकचं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. आपल्या पेट्रोल गाड्या अजून त्याच तत्त्वावर चालतात. पिस्टन खाली येतो, हवा आणि इंधन आत घेतो. वर जातो, ते दाबतो. ठिणगी पडते, पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. पुन्हा वर येतो, जळलेला वायू बाहेर टाकतो. या चार स्ट्रोकमध्ये खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह मात्र तेवढ्यात एकेकदाच उघडायचे असतात. ते उघडतो वरचा कॅमशाफ्ट. म्हणून खाली दोन फेरे झाले की वर बरोबर एक फेरा व्हायला हवा. हे दोनास एकचं नातं जी सांभाळते ती टायमिंग चेन. खालच्या चाकाला जितके दात, त्याच्या दुप्पट वरच्या चाकाला. सायकलची चेन पाहिलेल्या माणसाला आणखी काही सांगायला नको.

इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो-मिटतो. आता गंमत बघा. हिला टायमिंग म्हणतात, पण ही वेळ घड्याळातली नाही. इंजिन सावकाश फिरो की जोरात, चेन फक्त क्रम राखते: कोणाच्या आधी कोण, कोणाच्या नंतर कोण. लायब्निझ म्हणायचा की काळ ही वेगळी वस्तू नाही, घटनांच्या मागच्या-पुढच्या क्रमालाच आपण काळ म्हणतो. वर्गात हे समजावताना माझे दोन तास जायचे. इंजिनाचं कव्हर काढून दाखवलं असतं तर दहा मिनिटांत भागलं असतं. (हशा)

हा क्रम मोडला तर? बऱ्याच आधुनिक इंजिनांत उघडलेला व्हॉल्व्ह जिथवर खाली उतरतो, त्याच जागेत थोड्या वेळाने पिस्टन वर येतो. जागा एकच, वापरणारे दोघं, पाळी ठरलेली. चेन तुटली किंवा तिने बरेच दात सोडले, की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. मग हेड उतरवल्याशिवाय सुटका नाही. इंजिनाच्या दुरुस्तीत फार महाग पडणारी चूक ती ही.

चेन ताणते म्हणजे काय होतं?

आपल्याकडच्या जुन्या अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीला चेनच होती. त्यांचा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, क्रँकच्या जवळच असल्यामुळे चेन आखूड. मग मारुती ८०० आली. तिचा कॅम वर हेडवर, आणि तो फिरवायला दातांचा रबरी पट्टा. हा पट्टा १९६२ साली ग्लास नावाच्या जर्मन कंपनीने प्रथम बाजारातल्या गाडीत आणला होता. त्याला वंगण लागत नाही, आवाज नाही, पण ठरावीक किलोमीटरनंतर तो बदलावाच लागतो. पुढे अनेक कंपन्या लहान गाड्यांतही पुन्हा चेनकडे वळल्या, आणि तेव्हापासून चेनबद्दल "इंजिनाच्या आयुष्यभर टिकते" असं सांगितलं जाऊ लागलं. न्यायशास्त्रात विश्वासू माणसाच्या शब्दाला आप्तवाक्य म्हणतात आणि ते प्रमाण मानतात. पण आप्तवाक्याचाही अर्थ नीट विचारून घ्यावा लागतो. आयुष्यभर म्हणजे कोणाच्या? अनेकदा उत्तर असं निघतं की चेन संपली, म्हणजे इंजिनाचं आयुष्य संपलं. (हशा)

चेन ताणली असं मेस्त्री म्हणतात तेव्हा पोलाद रबरासारखं लांबलेलं नसतं. प्रत्येक कडीत एक पिन असते आणि तिच्याभोवती बारीक नळी. ही रोलर चेनची रचना हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये १८८० साली केली. पिन आणि नळी एकमेकांवर घासतात. समजा प्रत्येक जोडात मिलिमीटरचा शंभरावा भाग झिजला. शंभर-सव्वाशे जोड असतील तर सगळी मिळून चेन मिलिमीटरभराहून जास्त सैल झाली. एकेका कडीत दिसणार नाही, पण बेरीज दिसते. ऑइल वेळेवर बदललं नाही, की त्यातली काजळी या जोडांत पॉलिश पेपरचं काम करते.

सैल झालेली चेन ताणून धरायला टेन्शनर असतो. बहुतेक गाड्यांत तो इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो: एक दट्ट्या बाहेर येतो, तो गाइडला दाबतो, गाइड चेनला. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली उतरतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर दाब येईपर्यंत दोन-तीन सेकंद चेन मोकळी असते आणि खर्र आवाज येतो. टेन्शनर आणि चेन दोन्ही थकली, की तो लांबत जातो.

आवाजावरून अनुमान

माझ्या गाडीला असाच आवाज येऊ लागला. चार सिलिंडरची लहान पेट्रोल गाडी. मग इंजिनाचा पिवळा दिवा लागला. भाच्याने त्याचं यंत्र लावून पाहिलं, कोड आला पी ००१६. त्याचा अर्थ, क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरचं एकमेकांशी जुळत नाही. भाचा वर्कशॉपमध्ये काम करतो, हात चांगला आहे. मी काही एकट्याने इंजिन उघडलं असं कोणी समजू नका.

धूर दिसला म्हणून अग्नी, हे अनुमानाचं नेहमीचं उदाहरण. पण इथे धुराची कारणं अनेक. कोड सेन्सरमुळे येऊ शकतो, वायरमुळे येऊ शकतो, ऑइल कमी असलं तरी येऊ शकतो. आवाज वॉटर पंपाचा किंवा अल्टरनेटरच्या बेअरिंगचाही असू शकतो. म्हणून आधी डिपस्टिक पाहिली, ऑइल ठीक होतं. मग बाहेरचा पट्टा काढून इंजिन दहा सेकंद चालवलं. जास्त नाही, कारण पट्ट्याशिवाय पाणी फिरत नाही. पंप थांबला, अल्टरनेटर थांबला, आवाज होता तसाच. आपले जुने लोक याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: अमुक असताना तमुक होतं का आणि नसताना होत नाही का, दोन्ही पाहायचं. सेन्सर आणि वायर तपासली. मगच चेनवर बोट ठेवलं.

उघडण्याआधी आणि उघडताना

सुटे भाग सगळे एकदम आणले: चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, तिन्ही चाकं, क्रँकचं ऑइल सील, गॅस्केट, सिलंट. जुन्या झिजलेल्या चाकांवर नवी चेन चढवली तर ती लवकर झिजते, तिथे पैसे वाचवू नयेत. आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. ते नसेल तर हे काम हातात घेऊच नये. खुणा कुठे, बोल्ट किती घट्ट, हे प्रत्येक इंजिनात वेगळं असतं.

क्रम साधारण असा. इंजिन पूर्ण थंड. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढलेलं. मागच्या चाकांना ओटी. पुढची बाजू उचलून पक्क्या स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. ऑइल काढलं, पुढचं चाक काढलं, बाहेरचा पट्टा काढला. इंजिनाला खालून आधार देऊन त्या बाजूचं माउंटिंग सोडवलं. टॅपेट कव्हर काढलं. मग क्रँक पुलीचा बोल्ट. तो फार घट्ट असतो. पुली धरून ठेवायचं योग्य साधन आणि लांब दांड्याचा पाना, हाच रस्ता. काही जण पाना जमिनीला टेकवतात आणि स्टार्टर मारून बोल्ट सोडवतात. हात-पाय मोडायची ती पद्धत आहे.

टायमिंग कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. आम्ही पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढलं आणि निघेल तो बोल्ट चित्रातल्या त्याच्या जागी भोक पाडून खोचला. खाली ऑइल चेंबरकडे जी उघडी जागा दिसते तिथे स्वच्छ कापड कोंबलं, म्हणजे काही पडलं तरी आत जायला नको.

कव्हर निघालं. टेन्शनरचा दट्ट्या जवळजवळ पुरता बाहेर आला होता. आतापर्यंत अनुमान होतं, आता प्रत्यक्ष झालं.

खुणा

चेन काढण्याआधी इंजिन एका ठरलेल्या स्थितीत आणायचं: पहिला पिस्टन सगळ्यात वर, कॉम्प्रेशनच्या शेवटी. तेव्हा क्रँकच्या चाकावरची खूण आणि दोन्ही कॅमच्या चाकांवरच्या खुणा मॅन्युअलमध्ये दाखवल्या जागी येतात. फोटो काढायचे. मग टेन्शनर दाबून त्यात पिन अडकवायची, तो काढायचा, गाइड काढायचे, चेन सोडवायची. चेन निघाल्यावर कॅम किंवा क्रँक एकटा फिरवायचा नाही, कारण आता पाळी सांभाळणारं कोणी उरलेलं नाही.

नव्या चेनमध्ये काही कड्या वेगळ्या रंगाच्या असतात. त्या चाकांवरच्या खुणांसमोर बसवायच्या. आणि एक गोष्ट विसरायची नाही: क्रँक ज्या बाजूने चेन खेचतो ती बाजू ताठ हवी, जी काही ढील असेल ती सगळी टेन्शनरच्या बाजूला.

आम्ही बसवलं. रंगीत कड्या खुणांवर. टेन्शनर लावला, पिन ओढली, दट्ट्या टक्कन बाहेर आला. रात्रीचे अकरा वाजले होते.

"सुरू करून बघू की, मामा"

मॅन्युअल सांगतं: इंजिन सुरू करण्याआधी क्रँक पान्याने, हाताने, नेहमीच्या दिशेने दोन फेरे फिरवा. दोन का, ते तुमच्या लक्षात आलं असेल. तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो आणि सगळं पुन्हा मूळ जागी येतं. स्पार्क प्लग आधी काढून ठेवायचे, म्हणजे दाब लागत नाही आणि आत काही अडलं तर हाताला लगेच कळतं. अडलं तर जोर करायचा नाही.

फिरवलं. कुठे अडलं नाही. वरच्या दोन्ही कॅमच्या खुणा समोरासमोर आल्या. वाकून खाली पाहिलं, तर क्रँकची खूण जरा पुढे. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही वरून तिरकं बघताय. बसलीये चेन. सुरू करून बघू की, चूक असेल तर कळेलच."

आता हे बोलणं अगदी नैयायिकाचं आहे, बरं का. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते मुळातच प्रमाण, बाध येईपर्यंत शंका घेऊ नका. नैयायिक म्हणतात, नाही, ज्ञान खरं की खोटं ते त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशावरून ठरतं. लांबून पाणी दिसलं. ते मृगजळ की पाणी? जा, पिऊन बघा, तहान भागली तर पाणी. मी आयुष्यभर नैयायिकांची बाजू मांडत आलो. आणि इथे भाचा मला माझंच तत्त्वज्ञान ऐकवत होता.

पण पाण्याकडे जाऊन नुसती वाळू मिळाली, तर माणूस परत येतो. इंजिनात फसलेली परीक्षाच व्हॉल्व्ह वाकवून जाऊ शकते. तिथे परत येणं नाही. दुसरी गोष्ट मला त्या रात्रीच कळली. समजा कॅमच्या चाकाला ४० दात आहेत. एक दात चुकला म्हणजे कॅम ९ अंश चुकला, क्रँकच्या हिशोबात १८ अंश. अनेक इंजिनांत एवढ्याने व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही. गाडी सुरू होते! थोडी ओढत नाही, थोडी जास्त पिते, दिवा पुन्हा लागतो. पण सुरू होते. म्हणजे भाच्याची परीक्षा आम्ही घेतली असती, तर बहुधा आम्ही तीत पास झालो असतो आणि जोडणी मात्र चुकलेलीच राहिली असती. कृतीला यश आलं एवढ्यावर थांबायचं नाही, कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तेही पाहायचं. "सुरू होते का" आणि "बरोबर बसली का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

खाली बॅटरी घेऊन, जमिनीवर आडवं पडून समोरून पाहिलं. बरोबर एक दात. ताठ असायला हवी त्या बाजूला आम्ही एक दाताएवढी ढील सोडली होती. टेन्शनरने ती खेचून घेतली आणि दोन्ही कॅम मिळून क्रँकच्या एक दात मागे राहिले. वरच्या दोघांचं एकमेकांशी जुळत होतं, म्हणूनच फसायला झालं. खरं सांगतो, मलाही "चालेल" म्हणावंसं वाटलं होतं. कंबर दुखत होती. आम्ही तसंच झाकून ठेवलं आणि झोपलो. सकाळी टेन्शनरला पिन लावली, चेन सोडवली, ढील योग्य बाजूला नेऊन पुन्हा बसवली. तासाभराचं काम.

रंगीत कड्यांचं कोडं

पुन्हा दोन फेरे. चाकांवरच्या तिन्ही खुणा चोख. पण रंगीत कड्या? त्या भलतीकडेच. आता भाचा गप्प आणि मी घाबरलेला.

कागद घेतला. उदाहरणापुरतं समजा की चेनला १२२ कड्या, क्रँकला २० दात, कॅमला ४०. क्रँकच्या दोन फेऱ्यांत चेन ४० कड्या पुढे सरकते. तिचा स्वतःचा फेरा १२२ कड्यांचा. रंगीत कड्या आणि चाकांच्या खुणा पुन्हा एकत्र यायच्या, तर चेन किती कड्या सरकायला हवी? ४० आणि १२२ यांचा लसावि, २४४०. म्हणजे क्रँकचे १२२ फेरे. तोवर रंगीत कड्या जुळणारच नाहीत, आणि जुळायची गरजही नाही. त्या फक्त बसवतानाच्या मदतीसाठी आहेत. जे नातं जपायचं ते चाकाचं चाकाशी. आदल्या रात्री खूण चुकलेली असून मी ती बरोबर मानायला निघालो होतो. सकाळी सगळं बरोबर असून मी ते पुन्हा उघडायला निघालो होतो. कोणती खूण कशाची साक्ष देते हे माहीत नसेल, तर नुसतं काळजीपूर्वक पाहून उपयोग नाही.

त्यानंतर सील, सिलंट, कव्हर. सिलंट वाळायला ट्यूबवर लिहिलेला वेळ दिला. बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे आवळले. नवीन ऑइल भरलं. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर थोडा-थोडा मारला, म्हणजे इंजिन पेट न घेता फिरतं आणि टेन्शनरपर्यंत तेल पोचतं. मग फ्यूज लावला. सुरू. दोन सेकंद खर्र, आणि शांत. भाच्याने कोड पुसला. तो परत आलेला नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, हे घरी करावं का?*

मॅन्युअल, योग्य साधनं, दोन दिवस उभी राहिली तरी चालेल अशी गाडी, आणि हे काम पूर्वी केलेला माणूस शेजारी, या चारही गोष्टी असतील तर करावं. एक कमी असेल तर गॅरेजला द्यावं. पण मेस्त्रींना एवढं जरूर विचारावं: "सुरू करण्याआधी हाताने फिरवून पाहिलं का?" चांगल्या मेस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.

*चेन जास्त टिकावी म्हणून काय करावं?*

ठरवून दिलेल्या ग्रेडचं ऑइल, वेळेवर. महिन्यातून एकदा डिपस्टिक. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रेस करू नये. आणि सकाळचा आवाज लांबायला लागला तर टेपचा आवाज वाढवू नये. (हशा)

*मग आता तुम्ही नैयायिक राहिलात की नाही?*

राहिलो की. हाताने दोन फेरे हीसुद्धा कृतीच आहे, तिच्यातही यश-अपयश आहे. एवढंच की ती सावकाश होते आणि चूक निघाली तर मागे फिरता येतं. जिथे मागे फिरता येणार नाही असं काही करायचं असेल, मग ते ऑपरेशन असो, सही असो, की रागाच्या भरात लिहिलेलं पत्र असो, तिथे आधी असे दोन फेरे कुठे घेता येतील ते मी आता शोधतो. पत्राचं सोपं आहे. सकाळी पुन्हा वाचायचं.